जुन्या वस्तूंचा परदेशी बाजार : काय विकावे, काय राखावे

घरातील जुन्या वस्तूंच्या वाटा आपल्याकडे ठरून गेलेल्या आहेत. विरलेली साडी बोहारणीच्या गाठोड्यात जाते आणि तिच्या बदल्यात स्टीलचे पातेले घरात येते. पितळेचा हंडा मोड म्हणून वजनावर विकला जातो. लाकडी सामान बंबात जळते आणि ट्रंकेतील कागद रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. या चारही ठिकाणी वस्तू कोणी घडविली, केव्हा घडविली, तिच्यावर काय कोरलेले आहे, याची विचारपूस होत नाही. इंटरनेटमुळे गेल्या काही वर्षांत या वस्तूंना आणखी एक वाट फुटली आहे. सोलापूरच्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावरील अडकित्ता आता ऑस्ट्रेलियातील संग्राहकाला घरबसल्या पाहता येतो, त्याची किंमत चुकती करता येते आणि टपालाने तो त्याच्या हाती पडतो.

या व्यवहाराविषयी ग्रामीण भागात कुतूहल आहे, त्याबरोबर गैरसमजही पुष्कळ आहेत. जुने दिसेल ते परदेशात लाखांना जाते, असे काही जण मानतात. जुनी वस्तू विकणे हाच गुन्हा आहे, अशी इतरांची भीती असते. कायद्याने काही वस्तू देशाबाहेर पाठविण्यास संपूर्ण बंदी केली आहे आणि काहींना मोकळीक ठेवली आहे. ही रेघ नेमकी कोठे आहे, हे गावातील शिक्षकाला, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला व पंचायत सदस्यांना ठाऊक असेल, तर गरजू कुटुंबाला चार पैसे रास्तपणे मिळू शकतील आणि गावाचा ठेवाही गावात राहील.

सोलापूरच्या माळ्यावर काय आहे

सोलापूर हे कापडाचे शहर. १८७७ च्या सुमारास येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे तिलाच सोलापूरकर 'जुनी गिरणी' म्हणू लागले. तिच्या मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग घरोघर नेले. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, ती या परंपरेच्या बळावर. गिरण्या बंद पडल्या, माग बदलले, परंतु त्या काळातील बारीकसारीक सामान अजून घरांत व गोदामांत पडून आहे.

धोट्याचेच उदाहरण घेऊ. सागवानी अगर तशाच कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला, मधल्या पोकळीत कांडी बसविलेला धोटा हजारो विणकरांच्या हातून झिजून गुळगुळीत झालेला असतो. धोट्याविना चालणारे माग आल्यापासून या वस्तूला येथे जळणाइतकी किंमत उरली. परदेशांत मात्र जुन्या गिरण्यांचे धोटे व बॉबिनी शोभेच्या वस्तू म्हणून विकत घेतल्या जातात. जेकार्ड मागावरील छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळांचीही तीच गोष्ट. संगणकाला सूचना देण्यासाठी पुढे जी छिद्रांची कार्डे वापरली गेली, त्यांचे मूळ या पुठ्ठ्यांत आहे. त्यामुळे विणकामाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला त्यांचे अप्रूप वाटू शकते.

कापडाच्या ताग्यांवर पूर्वी रंगीत छापील चित्रे चिकटवीत. देवदेवता, हत्ती, मोर, गिरणीचे धुराडे असे त्यांचे विषय असत. अक्षर न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा, हा त्यांचा हेतू. विड्यांच्या बंडलांवरील व काड्यापेट्यांवरील चित्रांचेही संग्राहक जगभर आहेत. विडी उद्योगाचे केंद्र असलेल्या सोलापुरात अशी लेबले सापडणे अवघड नाही. याखेरीज अडकित्ते, पानाचे डबे, समया, घंगाळी, शेवेचे सोरे, कंदील, पितळी स्टोव्ह ही सामग्री तर महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या घरात आहेच. अशा घरगुती वस्तूंचे सौंदर्य आपल्याकडे सर्वांआधी ओळखणाऱ्यांत दिनकर गंगाधर केळकर यांचे नाव घ्यावे लागेल. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, दरवाजे यांचा आयुष्यभर जमविलेला संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनास अर्पण केला. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. ज्यांना अडकित्त्याला कोणी पैसे का द्यावेत असा प्रश्न पडतो, त्यांनी तेथील अडकित्त्यांचे कपाट एकदा पाहून यावे.

वीस वर्षे आणि शंभर वर्षे

परदेशी ग्राहक ज्याला 'व्हिंटेज' म्हणतो ती वस्तू किती जुनी असावी, याबाबत कायदा नाही. बाजाराचा रिवाज आहे. हाताने केलेल्या व जुन्या वस्तूंच्या विक्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या एट्सी या अमेरिकी संकेतस्थळाने किमान वीस वर्षांची अट घातली आहे. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा मात्र आपल्या देशाच्या कायद्याने घातलेली आहे आणि ती ओलांडणे हा दखलपात्र विषय आहे.

पुराणवस्तू व कलानिधी यासंबंधीचा १९७२ चा केंद्रीय कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेले नाणे, मूर्ती, चित्र, शिलालेख, कारागिरीची वस्तू, इमारतीपासून अलग केलेला भाग, तसेच गतकाळातील कला, हस्तव्यवसाय, धर्म, चालीरीती यांवर प्रकाश टाकणारी वस्तू 'पुराणवस्तू' ठरते. पुराणवस्तू देशाबाहेर पाठविण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला अगर त्याने प्राधिकृत केलेल्या संस्थेला आहे. खाजगी व्यक्तीने ती पाठविल्यास अथवा पाठविण्याचा प्रयत्न केल्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा सांगितली आहे. वस्तू वडिलोपार्जित आहे, आपल्याच मालकीची आहे, हा येथे बचाव होऊ शकत नाही. मालकी आपली असली तरी तिला सीमेबाहेर नेण्याचा हक्क आपल्याला नाही. देशांतर्गत विक्रीवर अशी बंदी नाही. परंतु पुराणवस्तू विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो, आणि मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा काही वर्गांची नोंदणीही करावी लागते.

तेव्हा परदेशी विक्रीस योग्य अशी वस्तू वीस आणि शंभर या दोन आकड्यांच्या मध्ये यावी लागते. २०२६ साली हिशेब मांडला तर १९२६ नंतरची आणि २००६ पूर्वीची, असा तिचा काळ निघतो. दरवर्षी ही चौकट एकेका वर्षाने पुढे सरकते, हे ध्यानात ठेवावे. आज विकता येणारा १९३० चा दिवा आणखी चार वर्षांनी पुराणवस्तूंत जमा झालेला असेल.

वय ठरवावे कसे? या बाबतीत आपल्या घरांतील भांडी स्वतःच साक्ष देतात. लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि पुष्कळदा तिथी व शक कोरण्याची पद्धत होती. शालिवाहन शकात ७८ मिळविले की इसवी सन साधारणपणे मिळतो. म्हणजे 'शके १८७०' असे कोरलेली कळशी १९४८ ची. ती चौकटीत बसते. 'शके १८४०' असलेले घंगाळ १९१८ चे. ते परदेशी पाठविता येणार नाही. व्यापारी घरांतील भांड्यांवर विक्रम संवत असेल, तर ५७ वजा करावेत. सोलापूरच्या पूर्वेस निजामाच्या हद्दीतून आलेल्या वस्तूंवर फसली साल आढळल्यास त्यात ५९० मिळवावेत. हे गणित शाळेतील सातवीच्या मुलांना घरची भांडी पाहून करावयास दिले, तर इतिहासाचा एक तास फार चांगला जाईल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ज्या वस्तूवर काहीच लिहिलेले नाही आणि जिचे वय सीमारेषेच्या आसपास वाटते, तिच्याबद्दल अंदाज बांधू नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयातील तज्ज्ञ वस्तू पाहून ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला देतात. वस्तू पुराणवस्तू आहे किंवा नाही, याबद्दल वाद उद्भवल्यास सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. पार्सल सीमाशुल्क कार्यालयात अडकल्यावर दाखल्यासाठी धावण्यापेक्षा तो आधी घेतलेला बरा.

शब्दांविषयीही एक सूचना करणे आवश्यक आहे. माल खपावा म्हणून विक्रेते 'अँटिक' हा शब्द सढळ हाताने वापरतात. १९६५ च्या समईवर हा शब्द लिहिला की ग्राहकाची दिशाभूल तर होतेच, शिवाय पार्सल तपासणारा अधिकारी ते थांबवितो. आणि त्याने ते थांबविणे योग्यच असते. अनेक देशांच्या आयात शुल्काच्या सूचीत शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सवलतीची वागणूक आहे. त्यामुळे एखादा ग्राहक 'शंभर वर्षांहून जुनी असे लिहून पाठवा' असे सुचवू शकतो. त्याचे शुल्क वाचेल, पण विक्रेत्याने आपल्याच हाताने गुन्ह्याची कबुली लिहून दिलेली असेल.

कागदाचा हिशेब वेगळा

वस्तूंना शंभर वर्षांची मर्यादा आहे. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेल्या हस्तलिखितांना, दप्तरांना व दस्तऐवजांना ती पंचाहत्तर वर्षांचीच आहे. २०२६ साली ही रेघ १९५१ वर येते. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने या एका कलमाचे महत्त्व फार मोठे आहे.

मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. त्या दिवसांतील एखादे हस्तपत्रक, सरकारी जाहीरनामा किंवा तुरुंगातून आलेले पत्र आज कोणाच्या घरी निघाले, तर शंभर वर्षे झालेली नाहीत म्हणून ते विकावयास हरकत नाही, असा समज सहज होईल. तो चुकीचा आहे. तो कागद पंचाहत्तर वर्षे केव्हाच ओलांडून गेला आहे आणि त्याचे ऐतिहासिक मोल उघड आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. चीनमध्ये त्यांच्याविषयी आजही आदर आहे. त्यामुळे त्यांच्या हातच्या एखाद्या पत्राला तेथे खरोखरच मोठी किंमत येऊ शकेल. परंतु तेही परदेशी विकता येणार नाही.

अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्या संस्थानाचे मुद्रांकित कागद, कोर्ट फीची तिकिटे, सनदा यांना संस्थानी मुद्रांक जमविणाऱ्यांकडून मागणी असते. विलीनीकरणापूर्वीचा असा प्रत्येक कागद आता पंचाहत्तरी पार करून गेला आहे. मोडी लिपी तर १९५० च्या सुमारास व्यवहारातून जवळजवळ गेलीच. म्हणून मोडीत लिहिलेला बहुतेक कागद या कलमाच्या कक्षेत येण्याजोगा आहे, असे सरसकट धरून चालावे. हा कागद वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. इनामाचा, पाण्याच्या पाळीचा, वतनाचा, गावाच्या शिवेचा तंटा त्यात नोंदलेला असू शकतो. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाकडे किंवा इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे असे कागद दाखवावेत.

छापील कागदाची बाजू इतकी स्पष्ट नाही. व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटणीसांच्या जीवनावर काढलेला चित्रपट १९४६ चा. त्याची गाण्यांची पुस्तिका किंवा भित्तिपत्रक यांच्या पुष्कळ प्रती निघालेल्या असणार. तरीही त्यांना ऐतिहासिक अगर सौंदर्यदृष्ट्या मोल आहे असे तज्ज्ञ म्हणू शकतात. अशा ठिकाणी दाखला मागणे हाच मार्ग. १९६० किंवा १९७० च्या दशकातील पुस्तिका, दिनदर्शिका व लेबले यांना मात्र ही अडचण नाही. दिनदर्शिकांवरून आठवले म्हणून सांगतो : वयाने लहान असूनही काही मृत चित्रकारांच्या कलाकृती सरकारने 'कलानिधी' म्हणून घोषित केल्या आहेत व त्यांनाही निर्यातबंदी लागू आहे. त्यांत राजा रविवर्मा आहेत. त्यांच्या चित्रांवरून काढलेल्या छापील तसबिरी महाराष्ट्रात घरोघर होत्या. अशी तसबीर हाती असल्यास आधी विचारून घ्यावे.

गोधडीला गोधडीच म्हणावे

जुन्या साड्यांची, धोतरांची गोधडी किंवा वाकळ शिवण्याचे काम आपल्या जिल्ह्यातील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. थरावर थर घालून, कडेपासून आत येत जाणारे धावदोऱ्याचे टाके घातलेली ही वस्तू परदेशांत अंथरूण-पांघरूण म्हणून आणि भिंतीवर टांगण्यासाठीही विकत घेतली जाते. तिचा बाजार बहुतांशी बंगालच्या कांथ्याच्या नावाने चालतो. दोन्ही परंपरा थोर आहेत. परंतु सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या बाईने घातलेल्या टाक्यांना बंगाली नाव चिकटवून विकणे मला तरी पटत नाही. नाव, गाव, टाक्याची पद्धत आणि आतील साड्यांची ओळख दिली, तर ग्राहक त्यासाठी थोडे अधिक मोजावयास तयार होण्याचीच शक्यता आहे. जुन्या वस्तूच्या बाजारात माहिती हाच मालाचा अर्धा भाग असतो.

येथे प्रामाणिकपणाचा एक बारीक मुद्दा आहे. आजीने १९८५ साली शिवलेली गोधडी ही जुनी वस्तू होय. गेल्या महिन्यात जुन्या साड्यांतून शिवलेली गोधडी ही जुन्या कापडाची नवी वस्तू होय. दोन्ही विकता येतात. फक्त वर्णन खरे असावे. बचत गटांना या दुसऱ्या प्रकारात अधिक वाव आहे, कारण पहिल्या प्रकारचा साठा एक ना एक दिवस संपणारा आहे. चादरींचेही तसेच. गोदामात वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेली, मूळ लेबल असलेली चादर वापरलेली नसली तरी जुन्या मालात मोडते. कालच मागावरून उतरलेली चादर जुन्या नक्षीची असली, तरी नवीच.

वर्णनात दोष झाकू नयेत. भोक, डाग, चीर, डाग देऊन जोडलेला कान, बदललेले झाकण यांची छायाचित्रे द्यावीत, लांबीरुंदी सेंटिमीटर व इंच दोन्हींत लिहावी, वजन ग्रॅममध्ये सांगावे. पितळेच्या बाबतीत आपल्या गृहिणींची सवय आड येते. विकावयाचे म्हणून चिंच लावून भांडे लखलखीत करण्यात येते आणि त्याबरोबर ग्राहकाला हवी असलेली काळसर छटाही निघून जाते. धूळ पुसावी, घासू नये. जुन्या पितळेत शिशाचा अंश असू शकतो, म्हणून अशी भांडी शोभेसाठी म्हणूनच विकावीत. स्वयंपाकास योग्य असल्याची हमी देऊ नये. हस्तिदंत, शिंग, कासवाचे कवच, प्राण्यांची कातडी यांच्या वस्तूंना वयाचा कोणताही हिशेब लावू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा विषय स्वतंत्र आहे. हस्तिदंती मुठीचा अडकित्ता बाजूलाच ठेवावा. जुन्या तलवारी व कट्यारी यांना शस्त्रविषयक कायदा लागू होतो.

किंमत ठरविताना संकेतस्थळावर इतरांनी मागितलेल्या किमती पाहून भुलू नये. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहितो. तशी वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते पाहावे.

पार्सल बांधण्यापूर्वी

व्यापारी हेतूने परदेशी माल पाठविणाऱ्यास आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून तो मिळतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते. ही गोष्ट अनेक जण विसरतात आणि संकेतांक निष्क्रिय झाल्यावर धावपळ करतात. निर्यातीवरील वस्तू व सेवा कराचा दर शून्य असला, तरी त्याचा लाभ घेण्यासाठी नोंदणी व हमीपत्राची व्यवस्था आहे. तिच्याबद्दल करसल्लागाराला विचारावे. पैसे बँकेच्या अधिकृत मार्गानेच, निर्यातीची रक्कम म्हणून खात्यात जमा व्हावेत. पाच-दहा वस्तू असलेल्या कुटुंबाला हे सारे उपद्व्याप परवडणार नाहीत. तेथे गावातील एखाद्या बचत गटाने एकच संकेतांक घेऊन अनेकांच्या वस्तू विकणे हा सुटसुटीत मार्ग आहे. जिल्हा उद्योग केंद्रात याबाबत मार्गदर्शन मागावे.

टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली. देशभर त्यांची संख्या एक हजारावर गेली आहे. पार्सलाचे बांधणीकाम, लेबल आणि सीमाशुल्काचे विद्युतीय घोषणापत्र ही कामे तेथे होतात. मुंबईस जाऊन दलाल गाठण्याची गरज उरलेली नाही. दोन किलोपर्यंतच्या लहान पुडक्यांसाठी मागोवा घेता येणारी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय सेवा आहे. या वजनाच्या मर्यादेमुळे कोणती वस्तू फायद्याची, हेही ठरते. मोठ्या हंड्याचे टपालखर्च हंड्याच्या किमतीवर जाईल. अडकित्ता, लेबले, धोटा, कुंकवाचा करंडा, गोधडी या वस्तू परवडतील.

घोषणापत्रात 'भेटवस्तू' लिहिणे किंवा किंमत कमी दाखविणे हा सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खाली गुन्हा आहे. ग्राहकाने विनंती केली तरी तसे करू नये. ज्या देशाला माल जावयाचा तेथील नियमही बदलत असतात. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून लहान पार्सलांवरही मूल्यवर्धित कर लागू केला. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालास असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्या धांदलीत आपल्या टपाल खात्याला अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सले काही आठवडे स्वीकारता आली नाहीत. ती सेवा १५ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ववत झाली. शुल्काचे दर त्यानंतरही बदलत राहिले असल्याने, पाठविण्याच्या दिवशीचा दर डाकघरात विचारूनच ग्राहकाला एकूण खर्च कळवावा. लाकडी वस्तूस कीड नाही याची खात्री करावी. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे याची तपासणी कसोशीने होते.

फसवणुकीचा प्रकारही सांगितला पाहिजे. अमुक क्रमांकाची जुनी नोट किंवा अमुक छापाचे नाणे लाखो रुपयांना घेऊ, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. मग 'नोंदणी शुल्क', 'कर', 'कमिशन' अशा नावांनी विक्रेत्याकडूनच पैसे मागितले जातात. यात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जात असल्याचे पाहून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता : अशा व्यवहारांत बँक पडत नाही व कोणतेही शुल्क मागत नाही. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, एवढे एक वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवले तरी काही घरे वाचतील.

देवळातील व जमिनीतील वस्तू

आतापर्यंत घरच्या वस्तूंचा विचार झाला. गावाच्या वस्तूंचा प्रश्न निराळा आहे. पाया खणताना, विहीर काढताना नाण्यांचे मडके किंवा मूर्ती सापडते. १८७८ चा गुप्तधनविषयक कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. खबर देणाऱ्याच्या हक्कांचाही त्या कायद्यात विचार केलेला आहे. लपविणाऱ्याला मात्र हक्कही गमवावा लागतो आणि शिक्षाही होते.

देशाबाहेर गेलेली वस्तू परत आणणे किती जड जाते, याचे ताजे उदाहरण आपल्याच राज्याचे आहे. नागपूरकर रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईस आणली. चोरीला गेलेल्या वस्तूंच्या बाबतीत मालकी सिद्ध करता आली, तर विकत घेण्याची पाळी येत नाही. तामिळनाडूतील श्रीपुरंतन येथील मंदिरातून चोरीस गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये खरेदी केला होता. तो २०१४ मध्ये भारतास परत मिळाला. मूर्ती त्याच मंदिरातील आहे हे दाखविताना पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी काढून ठेवलेली छायाचित्रे उपयोगी पडली होती.

आपल्या किती ग्रामदैवतांची, वीरगळांची, उत्सवमूर्तींची, पालखीच्या चांदीच्या कामाची अशी छायाचित्रे आहेत? चोर कागदपत्र ठेवीत नाही. आणि देवळाकडेही ते नसले, तर वस्तू परदेशी संकेतस्थळावर डोळ्यांसमोर दिसत असूनही ती आपली म्हणता येत नाही. ग्रामपंचायतीने एका दिवसात होणारे हे काम आहे. प्रत्येक वस्तूची समोरून, पाठीमागून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. मोडलेले बोट, झिजलेला कोपरा, तळाची खूण यांचे जवळून वेगळे छायाचित्र घ्यावे, कारण ओळख पटते ती व्यंगावरून. उंची, धातू किंवा दगड, कोठे ठेवली आहे आणि किल्ली कोणाकडे असते, हे लिहावे. नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक देवस्थानाच्या पंचांकडे आणि एक पोलीस ठाण्यात द्यावी. छायाचित्रे एकाच मोबाइलमध्ये राहू देऊ नयेत. त्यांच्या छापील प्रती काढून, मागे दिनांक घालून, वहीत चिकटवाव्यात.